तोंडावर वारा

घड्याळांच्या दुकानांत यापुढे सौदी माणसंच हवीत असा हुकूम निघाला, तेव्हा जेद्दाच्या बलदमधल्या आमच्या जुन्या बिल्डिंगीत कुणी गेल्यासारखी शांतता पसरली. आमच्या जिन्यावरची सगळी बिऱ्हाडं रत्नागिरी-रायगडकडची आणि सगळे पुरुष कुठल्या ना कुठल्या दुकानात. बायका दारात उभ्या राहून डोळ्यांना ओढणी लावत होत्या. मीही लावली. पण आतून मला आनंद झाला होता, आणि आनंद लपवणं मला कधी जमलेलं नाही. त्या संध्याकाळी मी सांदणं केली. आमचे हे दुकानातून आले, ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, "काय गो अमिरून, आज ईद हाय काय?"

आमचे हे, म्हणजे मुस्तफा, बलदमध्ये घड्याळं विकतात आणि दुरुस्तही करतात. दुकान कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या सौदी मालकाचं; राबणारे हात ह्यांचे. ह्यांना इथले बोळ आवडतात, लाकडी सज्जे आवडतात, कोपऱ्यावरचा येमेनी चहावाला तर सख्ख्या भावासारखा. गावाला गेले की आठवडा संपायच्या आत ह्यांना जेद्दाची आठवण यायला लागते. हे खाडीकाठचे, बंदरातले. बंदरातल्या माणसाला कुठलंही बंदर चालतं. मी सड्यावरची आहे.

सडा ज्याने बघितला नाही त्याला तो सांगणं अवघड आहे. खाडीपासून चढण चढून वर आलं की जमीन एकदम सपाट होते आणि नजर पोचेल तिथवर नुसता जांभा कातळ. माती नावाला. झाड म्हणावं असं झाड नाही; करवंदीच्या जाळ्या आणि वाऱ्याने एका बाजूला कललेली झुडपं. मे महिन्यात कुणी पाहुणा आला तर काळ्या दगडाकडे बघून विचारतो, इथे आहे काय? आमच्या गावाला, कोंडसड्याला, तर खाडीवरचे लोक सोयरीक करायला नाक मुरडायचे. माझं लग्न झालं तेव्हा सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, पोरगी चांगली आहे, फक्त वरची आहे.

पण श्रावण सरत आला की त्या कातळाच्या खोलगट भागांत पाणी थांबतं आणि पाण्याच्या कडेने फुलं येतात. बोटाच्या पेराएवढी असतात, पण मोजायची सोय नाही. निळ्या फुलांना आमच्याकडे सीतेची आसवं म्हणतात. आम्ही मुसलमानांच्या पोरीही तेच म्हणायचो, दुसरं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. पांढरे गेंद, पिवळा कवला. भादव्यात तर पाय कुठे ठेवावा कळत नाही. वर टिटव्या ओरडत असतात आणि समुद्रावरून वारा येत असतो. माणूस दिसत नाही. मी त्या सड्यावर गवत कापायला जायचे, आईबरोबर, आणि मला वाटायचं सगळी दुनिया अशीच असते.

लग्न होऊन जेद्दाला आले आणि तो भादवा मला पुन्हा दिसला नाही. सुटी मिळायची ती पोरांच्या शाळेच्या सुटीला धरून. आम्ही परत निघायचो तेव्हा सड्यावर गवत गुडघ्याएवढं झालेलं असायचं आणि फुलं कळीत असायची. दर वर्षी कळ्या बघून विमानात बसायचं. पोरं शिकायला पुण्याला गेली तेव्हा म्हटलं, आता आपण मोकळ्या. तर ह्यांच्या छातीत कळ आली, डॉक्टरांनी आत जाळी बसवली, आणि ह्यांना एकटं सोडून महिनाभर जायचं नाही असं माझं मीच ठरवून टाकलं. जायचं तर दोघांनी, कायमचं.

संध्याकाळी आम्ही कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, जायचो. मी समुद्राकडे तोंड करून बसायची. तोंडावर वारा आला की मला बरं वाटायचं. डोळे मिटले की सड्याच्या कडेला बसल्यासारखं वाटायचं. आमचा उमैर लहानपणी मला चिडवायचा. "अम्मी, उधर इंडिया नहीं है. उधर सुदान है." त्याला काय कळतंय, असं म्हणून मी तशीच बसून राहायची.

तर हुकूम निघाला, आणि मला तो माझ्यासाठीच निघाल्यासारखा वाटला.

कफील काही वाईट माणूस नव्हता. त्याने ह्यांना समोर बसवून सांगितलं, एक सौदी पोरगा आणतो, त्याला काम शिकव. बकरी ईदनंतर तो कायमचा टिकतोय असं दिसलं की तुझं खलास, तुला मानाने घरी पाठवतो. नाही टिकला तर बघू. ह्यांनी हे मला सांगितलं तेव्हा ह्यांचा चेहरा पडला होता. मी मनातल्या मनात हिशेब केला: बकरी ईद ऑगस्टात, पुढचा महिना भादवा. मी हाशमभायला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, फोन लावला आणि सांगितलं, या वर्षी गवत कापायला घाई करू नकोस, मला बघायचंय.

पोरगा आला. नाव अली. विशीतला, बारीक, गालांची हाडं वर आलेली, कानामागे सब्ज्यासारख्या वासाची एक काडी खोचलेली. मी डबा घेऊन दुपारी दुकानात गेले तेव्हा तो काउंटरमागे उभा राहून घामाने भिजत होता. एसी चालू होता तरी. मला वाटलं आजारी आहे. हे म्हणाले, "आजारी नाय, डोंगरावरचा हाय. ह्याला इथली हवाच सोसत नाय."

अली अल-नमासच्या बाजूचा होता. असीरच्या पठारावर, जिथे उन्हाळ्यातसुद्धा सकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. घरच्यांनी त्याला नोकरीसाठी खाली धाडला होता. पहिल्या दिवशी मी त्याला सुरमईचं कालवण वाढलं तर त्याने ताटाकडे असं बघितलं की मला हसू आलं. मासा त्याने आयुष्यात खाल्ला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी घावन नेले, वर तूप आणि मध. ते मात्र त्याने मान वर न करता खाल्ले, आणि मग मला मावशी मानून हळूच विचारलं, "खाला, हे तुला कुणी शिकवलं? आमच्याकडे असंच करतात."

त्या दिवसापासून तो माझा झाला. बलदमध्ये इतकी वर्षं काढून माझं अरबी बायकांच्या गप्पांपुरतं बरं झालं होतं, आणि अलीला तेवढं पुरत होतं. मी डबा घेऊन जायची, दुकानाच्या मागच्या बाजूला स्टुलावर बसायची, हे भिंगातून घड्याळात डोकं घालून बसलेले असायचे, आणि आम्ही दोघं बोलायचो. मी ठरवलं होतं की ह्या पोराला टिकवायचं. त्याला करमलं नाही तर तो जाईल, आणि तो गेला तर माझा भादवा गेला. म्हणून मी त्याला बोलतं केलं. एकट्या पोराला घरच्या गोष्टी बोलायला मिळाल्या की त्याचा जीव रमतो, असं मला वाटलं.

त्याने विचारलं, तुमचं गाव कसं आहे? आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. शेजारणी विचारायच्या, कुठल्या तालुक्यातलं, कुणाच्या घरातलं. कसं आहे, असं कुणी नाही. मी सांगत सुटले. कातळ, डबकी, फुलं, गवताचे भारे, पाण्यात पाय टाकला की उड्या मारणारे बेडूक. तो मध्येच थांबवायचा. "दगडाच्या भिंती असतात?" असतात, आम्ही गडगा म्हणतो. "माती न लावता रचलेल्या?" माती न लावता. "आमच्यासारख्याच," तो म्हणायचा आणि त्याच्या पठाराबद्दल सांगायचा: अरअरची बुटकी झाडं, वाऱ्याने पिळून निघालेली, जांभळ्या फुलांची रानटी झुडपं, पायाने चुरली की वास येतो, दरीतून वर चढणारं धुकं.

हे भिंगातून डोकं न काढता म्हणायचे, "दगडाचं काय गो एवढं कौतुक तुम्हा दोघांना."

"तुम्हाला नाय कळायचं. तुम्ही खालचे."

"खालचे ना? मग वरच्या माणसांनी खाली लग्न कशाला केलं?"

अली भाषा न कळताही हसायचा. त्याला घड्याळांचे पट्टे बदलता यायला लागले, गिऱ्हाइकाशी भाव करता यायला लागला. कफील एकदा येऊन बघून गेला आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, शाबास. त्या रात्री हे नीट जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "गावाला जाऊन मी करू काय? तिथं कुणाच्या हातात घड्याळ हाय? सगळे मोबाइल बघतात." मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ह्यांनी जेद्दात इतकी वर्षं मन लावून काढली होती आणि मी वाट बघत काढली होती. थोडं त्यांनी सोसावं, असं मला वाटलं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा दिसायला हवी होती. अली गावाबद्दल बोलायला लागला की त्याचे हात थांबायचे.

बकरी ईदला दुकान बंद होतं. अली म्हणाला, चला, माझ्या गावी चला, आई बोलावतेय. ह्यांचं मन नव्हतं, पण मी बॅग भरली. अलीच्या जुन्या गाडीतून दिवसभराचा प्रवास. ताइफ मागे पडलं, अल-बाहा मागे पडलं, आणि हवा बदलली. अलीने काचा खाली केल्या. त्याच्या खांद्यांतला ताठपणा गेलेला मला मागच्या सीटवरून दिसला. मग रस्ता सपाट झाला, दोन्ही बाजूंना दगड, दगडांत खुरटी झाडं, खोलगट जागी कालच्या पावसाचं पाणी साठलेलं, आणि त्या पाण्यात आभाळ.

मी रडले. गाडीत, अबायाच्या आत, आवाज न करता. हे माझ्याकडे बघत होते. त्यांनी माझा हात धरला.

अलीचं घर दगडाचं, मोकळ्या पठारावर. त्याची आई, उम्म अली, माझ्याच वयाची, कामाने हात राठ झालेले. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकांच्या खोलीत आम्ही दोघी भाताच्या परातीपुढे बसलो. ती आधी इकडचं तिकडचं बोलली आणि मग माझ्याजवळ सरकली. "बहिणी," ती म्हणाली, "माझा पोरगा रात्रभर झोपला नाही. परत जायचं नाही म्हणतोय. त्याला तू सांग. तुझं तो ऐकतो. तू तर समुद्र ओलांडून आलीस. त्याला सांग की सवय होते."

म्हणजे वाक्य एवढंसंच होतं. ते मी बोलायचं, अली परत जाणार, आमचे कागद होणार, आणि भादव्यात मी कोंडसड्यावर उभी. शिवाय एका आईने मागितलेलं. त्यात पाप ते काय?

जेवणानंतर अली दाराशी हात धुवायला पाणी घेऊन आला. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "अली, सवय होते रे. सुरुवातीला जड जातं. मग होते सवय."

त्याने माझ्याकडे बघितलं. "खरंच, खाला?"

"खरंच. मला नाही का झाली?"

त्याने मान हलवली. "मग उद्या सकाळी निघू," तो म्हणाला. उम्म अलीने माझा दंड दाबला. पलीकडे पुरुषांच्या खोलीत आमचे हे कॉफी पीत होते. त्यांना उंबऱ्यातून हे ऐकू गेलं असणार, कारण त्यांनी पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

मला तिथे बसवेना. मी म्हटलं जरा पाय मोकळे करून येते, आणि घरामागच्या कातळावर चालायला लागले. दुपार कलली होती. दगड ओला होता. मी चपला काढून हातात घेतल्या, कारण ओल्या कातळावर चपला घालून कुणी चालतं का? आमच्याकडे चपला घालून सड्यावर येणारा माणूस मुंबईचा आहे हे लांबून कळतं. दगडाचा गारवा तळव्यांना लागला आणि माझं वय गळून पडलं. एका डबक्याच्या कडेला बारीक पिवळी फुलं होती. मी खाली बसून बघितली. मग पुढचं डबकं, मग त्याच्या पुढचं.

धुकं कधी आलं ते कळलं नाही. मान वर केली तर घर नव्हतं, झाडं नव्हती, माझा पसरलेला हातच काय तो दिसत होता.

मी घाबरले नाही. धुकं मला नवं नव्हतं. पावसाळ्यात सड्यावर ढग उतरतात तेव्हा डोक्यावर गवताचा भारा घेऊन मी किती वेळा अशी सापडले होते. आईने शिकवलं होतं: ओरडत बसायचं नाही, तोंडावर वारा घ्यायचा. वारा समुद्रावरचा. त्याच्या दिशेने चाललं की पायाला उतार लागतो, उताराला गडगा लागतो, आणि गडग्याच्या कडेने गेलं की घर. सड्यावरच्या प्रत्येक पोरीला हे ठाऊक असतं.

मी तोंडावर वारा घेतला आणि चालू लागले. वारा ओला होता, गार होता. पायाला उतार लागला. दगडाची एक जुनी भिंत हाताला लागली, माती न लावता रचलेली, शेवाळ धरलेली. मी तिच्यावर तळवा ठेवून चालत राहिले. तेवढा वेळ मी जेद्दात नव्हते, असीरात नव्हते. भिंत संपली की आईची हाक ऐकू येणार, चुलीचा वास येणार, इतकं ते खरं होतं. इतक्या वर्षांत मी एवढी सुखात नव्हते.

भिंत संपली. मी आणखी पुढे गेले. तेवढ्यात कुणीतरी भुंकलं, आणि ते भुंकणं माझ्या पायांखालून आलं. पुढून नाही, खालून, खूप खालून.

"खाला!" मागून अलीचा आवाज आला. "हलू नकोस. आहेस तशीच उभी राहा."

त्याने येऊन माझा दंड धरला आणि मला मागे घेतलं. मग धुकं मध्येच विरळ झालं आणि मी बघितलं. मी जिथे पाऊल टाकणार होते तिथे काही नव्हतं. पठार तिथेच संपत होतं. खाली सरळ कडा, कड्याच्या कपारीत माकडांचा कळप बसलेला, आणि त्याच्याही खाली, कुठल्या कुठे, तिहामाची तापलेली किनारपट्टी. मी तिथेच दगडावर बसले. चपला अजून माझ्या हातात होत्या.

अली माझ्या शेजारी बसला.

"इकडे का आलीस?" त्याने विचारलं. "वारा तर दरीतून वर येतो. आमच्याकडे लहान पोरालाही सांगतात, धुक्यात वाऱ्याकडे पाठ करायची. वाऱ्याकडे पाठ केली की माणूस घरी पोचतो."

"मला वाटलं घर ह्या बाजूला आहे," मी म्हटलं.

"कुणाचं घर?"

तो माझ्या हातातल्या चपलांकडे बघत होता, माझ्या उघड्या पायांकडे बघत होता.

"जेवताना तू म्हणालीस सवय होते," तो म्हणाला. रागाने नाही. एखादं घड्याळ बंद पडलेलं दिसावं आणि कुणी ते नुसतं सांगावं, तसं.

मी म्हणू शकले असते की ह्या वयात चुकतो माणूस, धुक्यात होतं असं. शब्द जिभेवर आलेही होते. पण माझे तळवे गार पडलेले होते, त्यांना कातळावरचं शेवाळ लागलं होतं, आणि ज्या पायांनी एवढं खरं सांगितलं त्यांच्यापुढे तोंडाने पुन्हा खोटं बोलायला मला लाज वाटली.

"नाही होत," मी म्हटलं. "मला तरी नाही झाली."

त्याने मान हलवली आणि मला उठायला हात दिला. आम्ही वाऱ्याकडे पाठ करून चालत घरी आलो. अंगणात आमचे हे उघड्या डोक्याने उभे होते, चेहरा पांढरा पडलेला. मला बघून त्यांनी टोपी शोधायचं निमित्त करून पाठ फिरवली.

सकाळी अली निघाला नाही. त्याच्या मामाने आम्हाला गाडीने शहरात बसपर्यंत सोडलं. उम्म अलीने मधाची बाटली दिली, पण माझ्याकडे नीट बघितलं नाही, आणि तिचं बरोबर होतं. आम्ही घरून निघालो तेव्हा अली भिंतीजवळ उभा होता, कानामागे काडी खोचलेली. शहरातून बस हलल्यावर आमचे हे म्हणाले, "काय सांगितलंस गो त्याला?"

"खरं सांगितलं."

"मग आपलं?"

"आपलं राहिलं," मी म्हटलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

कफील दोन दिवस चिडला. आणखी एक पोरगा आला, तो आठवडाभरात गेला. मग कफीलने काउंटरच बंद केला, घड्याळं विकणं सोडून दिलं आणि नुसतं दुरुस्तीचं टेबल ठेवलं. दुरुस्तीला अजून बाहेरचा माणूस चालत होता. आमचा इकामा, इथे राहायचा परवाना, वाढला. हे नवं कार्ड घेऊन घरी आले आणि ते टेबलावर ठेवावं की खिशातच राहू द्यावं ह्याचा त्यांना प्रश्न पडला. मी म्हटलं, ठेवा की, लपवता कशाला. मुबारक.

"रागावलीस?"

"नाही."

"मी तुला खोटं नाय सांगत अमिरून, मला बरं वाटलं," हे म्हणाले. "पण तुझ्याकडे बघून बरं वाटून घेता येत नाय." मग म्हणाले, "पुढच्या भादव्यात."

दर वर्षी आम्ही हेच म्हणत आलो होतो, तरीही ऐकून मला त्यांच्याबद्दल माया वाटली.

हाशमभायने भादव्यात व्हिडिओ पाठवला. फोन हातात धरून तो सड्यावर चालला होता, पावलापावलाला चित्र हलत होतं. निळं, पांढरं, पिवळं. टिटवीचा आवाज आला. हाशमभाय म्हणत होता, "बघ अमिरून, तुझ्यासाठी गवत ठेवलंय गो." मी तो व्हिडिओ एकदा बघितला आणि फोन पालथा ठेवला. त्याच आठवड्यात अलीचाही एक निरोप आला. बोलणं नाही, नुसता फोटो: भिंत, धुकं, आणि भिंतीवर ठेवलेली त्याची काडी. मी तो फोटो पुन्हा पुन्हा बघितला. माझ्याच्याने झालं नाही ते त्याने केलं होतं, आणि मला त्याचा हेवा वाटत होता, आणि तो घरी आहे म्हणून बरंही वाटत होतं.

संध्याकाळी हे म्हणाले, चल कॉर्निशवर. गाडीवाल्याकडून त्यांनी मसाला लावलेले हरभरे घेतले, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पाण्याजवळ ओढल्या, नेहमीसारख्या समुद्राकडे तोंड करून. मी बसले. वारा तोंडावर आला. डोळे मिटले, पण काही आलं नाही. सड्याची कड नाही, आई नाही. नुसता खारा वारा, आणि पलीकडे सुदान. उमैर लहानपणी बरोबर सांगत होता.

मी उठले, खुर्ची उचलली आणि उलटी फिरवून ठेवली. वाऱ्याकडे पाठ करून बसले. समोर रस्ता, रस्त्यावर गाड्या, गाड्यांच्या मागे उंच इमारती, इमारतींच्या वर अंधारत चाललेलं आभाळ. बघण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. फिरायला आलेली माणसं माझ्याकडे बघून पुढे जात होती.

"काय झालं गो?" हे म्हणाले. "समुद्र मागं हाय."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "आपलं गाव इकडे आहे."

हरभऱ्याचा द्रोण माझ्या मांडीवर ठेवून त्यांनी आपली खुर्ची उचलली, माझ्या खुर्चीला लावून ठेवली आणि माझ्यासारखेच रस्त्याकडे तोंड करून बसले.